एमआरआय काढा, पण सुई चुकवायला नको

गणपती उठले त्याच आठवड्यात वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या स्तनावर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. कडक, बोटाने ढकलली तर जागची न हलणारी. "ताई, दुखत मात्र अजिबात नाही हं," ती म्हणाली. न दुखणं ही चांगली खूण आहे असं तिला वाटत होतं. वय चव्वेचाळीस.

डॉक्टरांनी सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) लिहून दिली. पहिल्या दोन तपासण्या चार दिवसांत उरकल्या आणि बायोप्सीपाशी घर अडून बसलं. सुई टोचली की गाठ फुटते आणि रोग अंगभर पसरतो, हे आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग कुणीतरी स्टेशनजवळच्या एका स्कॅन सेंटरचं पत्रक आणून दिलं: "विना सुई, विना वेदना गाठीचं अचूक निदान." एमआरआयसाठी काही हजार रुपये भरले, आठ दिवसांनी नंबर लागला, आणखी काही दिवसांनी रिपोर्ट हातात आला. दोन पानं इंग्रजीत गाठीचं वर्णन, आणि शेवटची ओळ: बायरॅड्स ४, बायोप्सी करावी.

बायरॅड्स ४ म्हणजे काय, हे घरी कुणाला समजावून सांगणार? कर्करोग असण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असं सांगणाऱ्या वेधशाळेवर आपण विनोद करतो, तसलाच हा अंदाज. गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सी होईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि जी टाळण्यासाठी हा खटाटोप केला ती सुई शेवटी लागलीच. तिला पंधरा मिनिटं पुरली. जागा बधिर केली, स्टेपलरसारखा 'खट्' असा आवाज चार-पाच वेळा झाला आणि काचेच्या बाटलीत शेवईच्या तुकड्यांसारखे पांढुरके धागे पडले. "एवढंच?" वहिनीने विचारलं.

मी पंचवीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. एमआरआय ज्यावर चालतो तो चुंबकीय अनुनाद फळ्यावर शिकवताना आपण एखाद्या जादूची फोड करून सांगतोय असं मला दर वर्षी वाटायचं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते या यंत्रावरच्या रागातून आलेलं नाही. राग असलाच तर त्या पत्रकावर आहे. माझं म्हणणं असं की स्तनाच्या कर्करोगात एमआरआयचं खरं काम सुई झाल्यानंतर सुरू होतं. मुंबईसारख्या शहरात, जिथे सरकारी आणि पालिकेच्या यंत्रांवर तारखेसाठी बायका आठवडेच्या आठवडे थांबतात, तिथे त्या यंत्राच्या वेळेवर पहिला हक्क ऑपरेशनच्या आधी केमो घेणाऱ्या बायकांचा असायला हवा. सुईची भीती विकत घेणाऱ्यांचा नंबर त्यांच्या मागे.

आधी यंत्राला काय दिसतं ते बघू. १९७१ साली, एकाच वर्षात, दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी मांडल्या. रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठी चुंबकीय अनुनादाने तपासून दाखवलं की कर्करोगाच्या गाठीतल्या पाण्याची वागणूक निरोगी मांसातल्या पाण्यापेक्षा वेगळी असते. आणि जुडा फोकमन यांनी असा विचार पुढे आणला की गाठीला वाढायचं तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभाराव्याच लागतात. आज स्तनाच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या स्वभावाबद्दल जे काही लिहिलेलं असतं, त्यातलं बहुतेक या दोन विचारांत सामावतं. (एमआरआयसाठीचं २००३चं नोबेल मात्र पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं आणि डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्यावर आगपाखड केली. शास्त्रज्ञांची भांडणं आपल्या सोसायटीच्या सभेपेक्षा फार वरच्या दर्जाची नसतात.)

फोकमनच्या रक्तवाहिन्या घाईघाईत उभ्या राहतात. रातोरात घेतलेल्या अनधिकृत नळजोडणीसारख्या: सांधे कच्चे, सगळीकडून गळती. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचं, चित्रात चमकणारं औषध सोडलं की ते अशा गाठीत झरझर चढतं आणि बऱ्याचदा तितक्याच झरझर उतरतं. साध्या गाठीत ते सावकाश चढतं आणि चढतच राहतं. मिनिटामिनिटाला चित्रं घेऊन त्या चढ-उताराचा आलेख काढता येतो. पाण्याचं गणित दुसरं. आमच्या गिरणगावात दहा बाय बाराच्या एका खोलीत पंधरा-वीस गाळेकरी झोपायचे, तेव्हा माणसाला कूस बदलायलाही जागा नसे. दाटीवाटीने वाढलेल्या पेशींमधल्या पाण्याच्या रेणूंची गत तशीच होते, त्यांचं हिंडणं आखडतं. ते किती आखडलं, हे यंत्र आकड्यात सांगतं, आणि त्यासाठी औषधही टोचावं लागत नाही.

हा आकडा पोकळ नाही. अमेरिकेत अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एमआरआयमध्येच सापडलेल्या संशयास्पद जागांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याची बायोप्सी या पाण्याच्या आकड्यावर विसंबून टाळता आली असती, आणि एकही कर्करोग निसटला नसता. मग मी सुईचा एवढा आग्रह का धरते? कारण त्या जागा एमआरआयनेच शोधून काढलेल्या होत्या. वहिनीची गाठ माझ्या बोटांना लागत होती. त्या जागांचा आणि या गाठीचा प्रश्न एक नाही.

आणि कर्करोग आहे की नाही एवढंच कळून भागत नाही. तो कुठल्या जातीचा, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाची ग्राहकं, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी वर्षानुवर्षं उपयोगी पडते; नसतील तर ती गोळी निरुपयोगी. हर-टू नावाचं प्रथिन भरपूर असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध, आणि ते चाचणीत १+ आलं, २+ की ३+ यावर पुढचं सगळं अवलंबून. २+ आलं तर आणखी एक चाचणी. हे सगळं त्या शेवईएवढ्या तुकड्यावर रंग चढवून बघतात. एमआरआयच्या चित्रातल्या करड्या छटांवरून हे ओळखण्याचे प्रयोग जोरात चालू आहेत. गाठीचा पोत, कडा, डागांची मांडणी यांचे शेकडो आकडे काढून संगणकाला शिकवतात. पण एका यंत्रावर शिकलेलं गणित दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर, दुसऱ्या वेगाने काढलेल्या चित्रांवर गडबडतं. त्यात निसर्गही खोड्या काढतो. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनची ग्राहकं आणि जास्तीचं हर-टू यांपैकी काहीच नसलेला, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग कधी कधी असा गोलगरगरीत, गुळगुळीत कडांचा दिसतो की वरवर बघणाऱ्याला साधी गाठ वाटावी. श्लेष्म भरलेल्या एका प्रकारात पाणी मोकळं हिंडतं आणि आकडा निरोगी असल्यासारखा येतो. छटा पाहून ट्रास्टुझुमॅब लिहून देणारा डॉक्टर मला भेटलेला नाही, आणि भेटला तर मी वहिनीला घेऊन तिथून उठेन.

सुईने रोग पसरतो का? बायोप्सीच्या वाटेत काही पेशी सांडतात, हे खोटं नाही; सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्याही आहेत. पण बायोप्सी केलेल्या बायकांचा रोग त्यापायी बळावला असं इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. पसरायला वेळ देतं ते थांबणं. आणि "शरीरात न शिरणारी तपासणी" हा शब्दही जरा जपून वापरावा. शिरेत सुई तिथेही लागतेच. गॅडोलिनियमआधी मूत्रपिंडं ठीक आहेत का ते बघावं लागतं, कारण ती बिघडलेली असताना काही जुन्या प्रकारच्या औषधांनी त्वचेचा भयंकर आजार झाल्याचं २००६ पासून माहीत आहे. युरोपात २०१७ मध्ये त्यातली काही औषधं बंद करण्यात आली. आमच्या सेंटरमध्ये कुठलं औषध टोचणार, असं मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने दर सांगितला.

त्या दिवसातलं आणखी थोडं सांगते. कपडे बदलायच्या खोलीत वहिनीने मंगळसूत्र काढलं, नाकातली चमकी काढली, साडीच्या निऱ्यांची पिन काढली. जोडवी निघेनात, मग बेसिनपाशी साबण लावून काढली. मंगळसूत्र माझ्याकडे देऊन म्हणाली, "ताई, पर्समध्ये नको, मुठीत धरा." धातूची ही भीती फुकाची नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट ताकद असते तिथे. २०१८च्या जानेवारीत याच शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन प्राणाला मुकला. तर, जोडव्यांची एवढी चौकशी झाली. पाळीची तारीख मात्र कुणी विचारली नाही. पाळी चालू असलेल्या बाईचा एमआरआय शक्यतो पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात काढावा, एरवी निरोगी भागही औषध शोषून चमकतो आणि चित्र गढूळ होतं, ही या तपासणीतली साधी शिस्त. गाठ हातात सापडलेली असताना त्यासाठी थांबायचं कारण नाही, पण निदान विचारून रिपोर्टमध्ये लिहावं तरी. वहिनीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये "दोन्ही बाजूंना सर्वत्र चमक" असं वाक्य आहे. त्या वाक्याने आमच्या तीन रात्री खाल्ल्या.

जास्त चित्रं म्हणजे चांगले उपचार, हे समीकरणही तपासून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये १६२३ बायकांवर झालेल्या कॉमिस चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ऑपरेशनआधी एमआरआय काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत पुन्हा टेबलावर घ्यावं लागण्याचं प्रमाण सारखंच होतं, १९ टक्के. नेदरलँड्समध्ये उलट अनुभव आला. ज्यांचे स्तन अतिशय दाट, मॅमोग्राफीत पांढरे धोप दिसणारे, अशा बायकांना मॅमोग्राफीसोबत एमआरआयही देऊ केला, तेव्हा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उगवणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. तेव्हा यंत्र चांगलं की वाईट हा वादच नाही. कुणाच्या, कुठल्या टप्प्यावर, कशासाठी, एवढंच विचारायचं.

मुंबईतलं उत्तर नेदरलँड्ससारखं येणार नाही. ग्लोबोकॅन या जगभरच्या कर्करोगाच्या आकडेवारीच्या २०२०च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ७८ हजार बायकांना हा रोग होतो आणि ९० हजार दगावतात. आपल्याकडे तो पाश्चात्त्य बायकांच्या मानाने सुमारे दहा वर्षं आधी गाठतो, आणि पुष्कळ जणी गाठ मोठी होऊन काखेपर्यंत पोचल्यावर दवाखान्याची पायरी चढतात. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर टाटा मेमोरियलच्या फुटपाथवरून सकाळी सहज चालत गेलात तरी हे दिसतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असलेल्या बाहेरगावच्या बायका फाइल पोटाशी धरून निघालेल्या असतात. अशा मोठ्या गाठींना आधी केमो देतात, त्या आटल्या की ऑपरेशन. इथे सुई तोकडी पडते. पाच-सहा महिने चालणाऱ्या केमोत दर महिन्याला तुकडा काढत बसणं शक्य नाही. शिवाय तुकडा गाठीच्या एका कोपऱ्याचा असतो, आणि एकाच गाठीत दोन कोपऱ्यांचा स्वभाव वेगळा असू शकतो. एमआरआय अख्खी गाठ बघतो, पुन्हा पुन्हा बघतो. औषध लागू पडतंय का, गाठ बाहेरून आत आटतेय की फुटून बेटं उरलीत, हे तो हाताने चाचपण्यापेक्षा आणि मॅमोग्राफीपेक्षा अचूक सांगतो. चित्रात काही उरलं नाही म्हणून ऑपरेशन टाळता येत नाही, तेवढा भरवसा त्याचा अजून नाही. पण औषध बदलायचं का, स्तन वाचवता येईल का, हे ठरवायला तो हवाच.

म्हणजे ज्या कामात एमआरआय सगळ्यात उपयोगी, त्याच कामाच्या बायका आपल्याकडे जास्त आहेत आणि त्यांनाच तो वेळेवर मिळत नाही. दुसरीकडे 'संपूर्ण आरोग्य तपासणी'च्या पॅकेजमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या बाईला स्तनाचा एमआरआय घ्या म्हणून गळ घालतात.

गाठ शोधण्यासाठी आपल्याकडे याहून साधा मार्ग याच शहरात सिद्ध झाला आहे, आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायकांना घेऊन चाचणी सुरू केली. डॉ. इंद्रनील मित्र त्यात आघाडीवर होते. अर्ध्या बायकांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, वीज नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले: रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा मिळून फरक १५ टक्के होता, पण तो ठामपणे मानण्याइतका पक्का नव्हता, हेही त्यांनी लपवलं नाही. वस्तीतल्या बाईचा शिकवलेला हात असं काम करत असेल तर शोधाच्या नावाखाली एमआरआय विकायचं कारण काय?

एक मैत्रीण रेडिओलॉजिस्ट आहे. तिने मला झापलं. "तू फिजिक्सवाली असून असं लिहितेस? दहा वर्षांत संगणक चित्र बघून हर-टू सांगेल." सांगेलही. पण तो शिकणार कुणाच्या चित्रांवर? अमेरिकेतल्या साठीच्या बाईच्या स्तनांवर शिकलेला संगणक आमच्या चव्वेचाळीसच्या वहिनीला कितपत ओळखेल? त्यासाठी इथल्या बायकांची चित्रं, त्यांच्या बायोप्सीच्या निकालासकट, एका पद्धतीने काढून ठेवलेली हवीत. मैत्रीण म्हणते ते खरं व्हावं म्हणूनसुद्धा सुई लागतेच, नाहीतर संगणकाची उत्तरपत्रिका तपासणार कशावरून?

हे काम करायला यंत्रणा नाही असंही नाही. २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड चालू आहे, तीनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. औषधोपचार कसे करायचे याची मार्गदर्शक सूत्रं ते देतात. तशीच स्तनाच्या एमआरआयची एक सामाईक पद्धत ठरवून पालिकेच्या आणि सरकारी यंत्रांवर ती सक्तीची करता येईल. वेळही वाचवता येतो. जर्मनीत क्रिस्टियाने कूल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की १७ मिनिटांचं चित्रण ३ मिनिटांवर आणलं तरी कर्करोग सापडण्यात उणेपणा येत नाही. त्यात औषध उतरतानाचा आलेख हातचा जातो, म्हणजे स्वभाव वाचायचा तर थोडा जास्त वेळ द्यावाच लागेल, पण तासाला एक बाई हा हिशेब बदलू शकतो. पवईच्या समीर या सरकारी संशोधन संस्थेत १.५ टेस्ला चुंबकीय ताकदीचं देशी एमआरआय यंत्र तयार झालं आहे. ते दिल्लीच्या एम्समध्ये बसवून तपासण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. पुढेमागे अशी यंत्रं स्वस्त होतील तेव्हा ती कुठे बसवायची आणि त्यांच्यावर पहिली कोण झोपणार, हे आत्ताच ठरवायला हवं. नाहीतर तीही पत्रकं छापणाऱ्यांच्याच दारात जातील. आणि 'विना सुई निदान' असल्या थापांवर राज्याच्या आरोग्य खात्याने बंदी घालावी, याला तर एक रुपयाही खर्च नाही.

वहिनीचा बायोप्सीचा निकाल हर-टू ३+ आला. केमो आणि ट्रास्टुझुमॅब सुरू झालं. सुई घातली तेव्हाच डॉक्टरांनी गाठीत टायटॅनियमची तिळाएवढी क्लिप खूण म्हणून ठेवली होती, गाठ विरघळली तर जागा सापडावी म्हणून. चौथ्या केमोनंतर मी चाचपलं तर बोटांना काहीच लागेना. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली. मग दुसरा एमआरआय निघाला, या वेळी वेगळ्या ठिकाणी. काउंटरवरच्या बाईने पाळीची तारीख विचारली, केमो सुरू झाल्यापासून ती बंद असल्याचं लिहून घेतलं आणि आधीची चित्रं मागितली. चित्रात क्लिपच्या भोवती दोन छोटी बेटं उरलेली होती. बोटांना न लागलेली.

"आधीपेक्षा किती टक्के कमी झालं?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी आमची जुनी सीडी लावून बघितली होती. त्यात रिपोर्टवाल्याने निवडलेली अठरा चित्रं होती. मिनिटामिनिटाची मालिका नव्हती, मोजमापाची मूळ फाइल नव्हती. "याच्याशी आकड्यात तुलना करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "उरलेलं किती आहे ते सांगते." मी त्या पहिल्या सेंटरला फोन केला. मूळ फाइल तीन महिन्यांनी पुसतात म्हणाले.

वहिनीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ती सीडी तिने देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवली आहे. ती चालेल असा कॉम्प्युटर आमच्या घरात नाही.